सप्ताहाचं कीर्तन गावातून लाईव्ह: नेट तुटलं तरी प्रक्षेपण कसं टिकवायचं

बीडच्या डोंगरपट्ट्यातलं गाव असो की परभणीकडचं काळ्या रानातलं, सप्ताह बसला की कीर्तन यूट्यूबवर लाईव्ह दाखवायचं, हे आता मंडप आणि साऊंडइतकंच ठरलेलं असतं. बघणारे कोण? पुण्या-मुंबईला कामाला गेलेली पोरं, आणि दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात गेलेली माणसं. कोपीत (ऊसतोड मजुरांच्या झोपडीत) एका मोबाईलभोवती पाच-सहा जण बसून ऐकतात. महाराजांच्या फेट्याची जर दिसली नाही तरी त्यांचं काही अडत नाही. पण अभंगाचं चरण मधेच तुटलं की कमेंट लगेच येते, "माऊली, आवाज येईना."

चित्र-आवाज नेटवरून छोट्या तुकड्यांत जातो, त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. मोबाईल नेटवर पॅकेट हरवणार, उशिरा येणार, कधी दहा-वीस सेकंद सगळंच बंद पडणार. ते आपल्या हातात नाही. हरवलेल्या पॅकेटनं किती नुकसान करायचं आणि प्रक्षेपण किती लवकर सावरायचं, एवढं मात्र आपण ठरवू शकतो. बहुतेक जण सगळा जोर चित्र स्पष्ट करण्यावर लावतात. मी म्हणतो, त्या स्पष्टपणातला चांगला मोठा वाटा काढा आणि सावरण्यावर खर्च करा. खाली जे सांगतोय ते सगळं याच हिशोबानं.

आधी दुखणं ओळखा

"लाईव्ह अडकतंय" या एका तक्रारीमागं तीन वेगळी दुखणी असतात आणि तिघांचे उपाय वेगळे.

पहिलं: चित्र आहे तसं थिजतं, गोल फिरत राहतं, मग पुढं चालू होतं. चौकटी दिसत नाहीत, चेहरा बिघडत नाही. हे आरटीएमपीचं लक्षण. यूट्यूब, फेसबुकला आपण नेहमी ज्या पद्धतीनं पाठवतो ती आरटीएमपी, आणि ती टीसीपी या नियमावलीवर चालते. टीसीपीचा नियम असा की एक पॅकेट हरवलं तर ते परत येईपर्यंत मागचं काहीच पुढं द्यायचं नाही. दिंडीत पुढचा एक जण चप्पल बांधायला थांबला की मागची रांग थांबते, तसं. वरून टीसीपी प्रत्येक हरवलेलं पॅकेट गर्दीची खूण समजून वेग कमी करतं. पाठवायचा माल फोनमध्ये साचतो आणि शेवटी ॲप फ्रेम टाकून द्यायला लागतं.

दुसरं: चौकटी उमटतात, करडे-हिरवे पट्टे येतात, चेहरा ओघळल्यासारखा दिसतो आणि दोन-चार सेकंदांनी एकदम साफ होतो. इथं पॅकेट यूडीपीवरून (म्हणजे हरवलेल्यासाठी मागची रांग न थांबवणाऱ्या पद्धतीनं) चाललंय, हरवलंय आणि वेळेत परत आलेलं नाही.

तिसरं दुखणं नेटचं नसतंच. चित्र धक्के खात चालतं, पण ॲपमधले नेटचे आकडे स्वच्छ असतात. अशा वेळी फोनला हात लावून बघा. एप्रिल-मे मध्ये मराठवाड्यात पारा 42 च्या वर जातो. पत्र्याच्या सभामंडपात, वर हॅलोजन, फोन फास्ट चार्जरला आणि स्क्रीन फुल ब्राईट, म्हणजे फोन तापून स्वतःचा वेग उतरवणारच. साधा 5 वॉटचा चार्जर लावा, कव्हर काढा, स्क्रीन मंद करा, मागून छोटा पंखा सोडा. यात एन्कोडरच्या (चित्र दाबून पाठवायला तयार करणाऱ्या भागाच्या) सेटिंगला हात लावायची गरज नाही.

एका पॅकेटचा हिशोब

हा भाग थोडा आकड्यांचा आहे, पण पुढचं प्रत्येक सेटिंग यातूनच येतं.

व्हिडिओ 1500 केबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला 1500 किलोबिटचा धरा (हाच बिटरेट). एसआरटीमध्ये (आरटीएमपीऐवजी वापरायची पद्धत, पुढं सांगतोच) एका पॅकेटात साधारण 1316 बाईट व्हिडिओ जातो. म्हणजे सेकंदाला सुमारे 142 पॅकेट. 25 फ्रेमनं भागलं तर सरासरी एका फ्रेमला सहाच्या आत.

आता एच.264 या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीत प्रत्येक फ्रेम पूर्ण पाठवत नाहीत. अधूनमधून एक पूर्ण चित्र जातं, त्याला कीफ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. त्यामुळं मधलं एक पॅकेट गेलं की तो डाग पुढच्या फ्रेममध्ये, तिथून त्याच्या पुढच्या, असा कीफ्रेम येईपर्यंत चालत राहतो. दर 2 सेकंदांना कीफ्रेम असेल तर तेवढ्या वेळात 284 पॅकेट जातात. शंभरात एक पॅकेट हरवत असेल, म्हणजे 1 टक्का, तर ती 284 च्या 284 सुखरूप पोचण्याची शक्यता सहा टक्क्यांच्या आत येते. थोडक्यात, दोन-दोन सेकंदांच्या शंभर तुकड्यांतले चौऱ्याण्णव कुठं ना कुठं डागाळलेले. ऐकायला 1 टक्का काहीच वाटत नाही, पण दुरुस्तीची सोय नसेल तर तेवढ्यात चित्र बघवत नाही.

हेच हरवलेलं पॅकेट एकदा परत मागण्याची सोय केली तर शंभरातलं एकचं प्रमाण दहा हजारांत एकवर येतं आणि सत्याण्णव तुकडे साफ निघतात. हा हिशोब पॅकेटं सुटी-सुटी हरवतात असं धरून आहे. मोबाईलवर ती झुंडीनं हरवतात, म्हणून प्रत्यक्षात एकदा नाही, तीन-चारदा मागायला वेळ हवा. तो वेळ म्हणजेच लेटन्सी, आणि कीर्तनाला लेटन्सीचं काही वावडं नाही. कोपीत बसलेल्या माणसाला गावातला गजर पाच सेकंद उशिरा ऐकू आला तर त्याला कळणारही नाही.

नेट मोजायचं कधी आणि कसं

दुपारी मंदिराच्या पायरीवर स्पीड टेस्ट करून "दहा एमबीपीएस येतंय की" म्हणणारे बरेच भेटतात. सप्ताहातलं कीर्तन रात्री 9 ते 11, म्हणजे अख्खं गाव मोबाईल घेऊन बसलेलं असतं ती वेळ. टेस्ट त्याच वेळी घ्या, दोन-तीन दिवस घ्या, आणि फक्त अपलोड बघा. फोनची पाठवायची ताकद जास्तीत जास्त 200 मिलीवॉटच्या आसपास असते, टॉवरची कित्येक वॉट. म्हणून डाऊनलोड झकास आणि अपलोड रडतंय, हे खेड्यात नेहमीचंच.

आलेल्या आकड्यांतला सगळ्यात कमी घ्या, सरासरी नको. त्याच्या निम्म्यावर व्हिडिओ आणि ऑडिओचा एकूण बिटरेट बसवा. सगळ्यात कमी 3 एमबीपीएस आला तर 1500 केबीपीएस. उरलेलं निम्मं परत पाठवायच्या पॅकेटांसाठी आणि काल्याच्या दिवशीच्या गर्दीसाठी.

सिग्नलचा आकडाही बघून ठेवा. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'अबाऊट फोन'खाली सिम स्टेटसमध्ये तो डीबीएममध्ये दिसतो. उणे 95 किंवा त्याहून बरा असेल तर निर्धास्त, उणे 110 च्या खाली असेल तर जागा बदला. दगडी गाभारा आणि पत्र्याचं छत दोन्ही सिग्नल अडवतात. कॅमेऱ्याचा फोन मंडपात राहू द्या, पण नेटचा फोन किंवा राऊटर टॉवरच्या दिशेला मोकळ्यात ठेवा.

5जी अर्धवट येत असेल तर फोन सारखा 5जी-4जी उड्या मारतो आणि प्रत्येक उडीत प्रक्षेपण अडखळतं. प्रेफर्ड नेटवर्कमध्ये 4जी ठेवा. पण मग एक लक्षात ठेवा: काही प्लॅनमध्ये 5जी अमर्याद असतं, 4जी नाही. दोन तासांच्या 1500 केबीपीएसला साधारण 1.35 जीबी लागतो, परत पाठवलेली पॅकेटं धरून 1.7 पर्यंत जातो. दिवसाला 1.5 जीबीचा प्लॅन ऐन कीर्तनात संपतो आणि बहुतेक कंपन्यांचा वेग तिथून 64 केबीपीएसवर येतो. मग सगळे म्हणतात टॉवर गेला. आधीच जादा डेटा टाकून ठेवा.

जोडणी: कॅमेऱ्याच्या फोनात सिम नको

लाईव्हच्या मधे कोणाचा तरी फोन येतो आणि माईक कॉलकडं जातो. म्हणून कॅमेऱ्याचा फोन फ्लाईट मोडवर टाका आणि नेट दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवरून घ्या. हॉटस्पॉट 5 गिगाहर्ट्झवर ठेवा. मंडपात शे-दोनशे फोन असतात, 2.4 वर कलकलाट असतो. 5 ची पोच कमी, त्यामुळं दोन्ही फोनमध्ये फार अंतर किंवा भिंत नको.

एकाच फोनमध्ये दोन सिम घातली म्हणजे दोन नेट झाली, असं होत नाही. डेटा एका वेळी एकाच सिमचा चालतो. दोन्ही एकत्र वापरायची तर कॅमेऱ्याच्या फोनचा स्वतःचा डेटा आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट अशी जोडी करावी लागते, आणि दोन्हीवर पॅकेटं वाटणारं ॲप लागतं. आयफोनवर मोब्लिन, अँड्रॉइडवर आयआरएल प्रो ही ॲपं ते एसआरटीएलए पद्धतीनं करतात. या जोडीत कॅमेऱ्याच्या फोनात सिम राहतंच, त्यामुळं त्याचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवून ठेवा. दोन कंपन्या घेताना त्यांचे अँटेना एकाच मनोऱ्यावर आहेत का, तेही बघा. आपल्याकडं एका मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्या सर्रास असतात. लाईट गेली आणि तिथली बॅटरी उतरली की दोन्ही सिम एकदम मुकी.

ग्रामपंचायतीत भारतनेटची फायबर खरोखर चालू असेल, किंवा गावात केबलवाल्याचं फायबर आलं असेल, तर हे सगळं सोडून ती लाईन घ्या आणि मोबाईल नेट मागं उभं ठेवा. फायबरच्या डब्याला 12 व्होल्टचा मिनी यूपीएस लावायला विसरू नका.

एन्कोडरची सेटिंग

रिझोल्यूशन 720पी. 1080पी चा आग्रह धरू नका. बघणारे बरेच जण कमी रिझोल्यूशनवर बघतात आणि यूट्यूब शेवटी स्वतः लहान-मोठ्या प्रती बनवतंच.

फ्रेम रेट 25. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळं 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवलं की मंडपातल्या बऱ्याच दिव्यांचं लुकलुकणं चित्रात येत नाही. शिवाय 30 पेक्षा फ्रेम कमी, म्हणजे प्रत्येक फ्रेमला थोडे जास्त बिट.

कीफ्रेम 2 सेकंदांना, म्हणजे 25 च्या फ्रेम रेटला दर 50 फ्रेमनंतर एक. काही ॲपमध्ये हा आकडा सेकंदांत मागतात, काहींत फ्रेममध्ये, नीट वाचा. 'ऑटो'वर सोडलं तर एन्कोडर कधी आठ-दहा सेकंद कीफ्रेम देत नाही, आणि डाग तेवढा वेळ टिकतो. यूट्यूबलाही 4 सेकंदांच्या वर चालत नाही. उलट अर्ध्या सेकंदाला ठेवण्यातही शहाणपण नाही. कीफ्रेम इतर फ्रेमच्या कित्येक पट मोठी असते, त्यातच सगळा बिटरेट जातो आणि टाळ वाजवणाऱ्यांचे हात धूसर होतात.

रेट कंट्रोल सीबीआर, म्हणजे बिटरेट कायम एकच. नाचणारे वारकरी फ्रेममध्ये आले की व्हीबीआर (कमी-जास्त होणारा बिटरेट) एकदम उसळतो आणि नेमका तेव्हाच नेटवर ताण येतो.

ॲडॅप्टिव्ह बिटरेट, म्हणजे नेट घटलं की आपोआप उतरणारा, चालू ठेवा. लॅरिक्स ब्रॉडकास्टर या फोनवरच्या ॲपमध्ये तो पर्याय आहे. ओबीएस या लॅपटॉपवरच्या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंगखाली गर्दीनुसार बिटरेट बदलण्याची खूण आहे. खालची मर्यादा विचारता येत असेल तिथं 400 केबीपीएस द्या.

ऑडिओ एएसी, मोनो, 96 केबीपीएस. पखवाज आणि टाळ एकत्र वाजतात तेव्हा 48 वर नुसता खळखळाट ऐकू येतो. व्हिडिओ कितीही खाली आला तरी हे 96 हलवायचे नाहीत. आवाज फोनच्या माईकवर न घेता साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून घ्या, पण थेट केबल खुपसू नका. लाईन लेव्हल फोनच्या माईकला झेपत नाही, आवाज फाटतो. मधे यूएसबी ऑडिओ इंटरफेस लावा. आणि साऊंडवाल्या दादांना आधीच सांगून ठेवा की गजर चढल्यावर आपल्या आऊटपुटला हात लावायचा नाही.

आरटीएमपी सोडून एसआरटी

प्रक्षेपण टिकण्यात सगळ्यात मोठा फरक इथं पडतो. एसआरटी हायव्हिजन कंपनीनं बनवलं आणि 2017 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. ते यूडीपीवर चालतं. घेणाऱ्याला मधला क्रमांक सापडला नाही की तो तेवढंच पॅकेट परत मागतो, बाकीची येत राहतात. ठरलेल्या लेटन्सीच्या आत ते आलं तर चित्र साफ. नाही आलं तर त्याला सोडून पुढं जातं, एखादी चौकट उमटते, पण रांग थांबत नाही.

लेटन्सी मूळची 120 मिलिसेकंद असते. ती मोबाईलला अगदीच तोकडी. नियम असा की सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याच्या वेळेच्या, म्हणजे आरटीटीच्या, निदान चौपट. गावातून आरटीटी 80-100 आला तरी मी 400 वर थांबत नाही. मोबाईल नेट कधीकधी सेकंद-दीड सेकंद श्वास रोखतं, ते पोटात घ्यायला 3000 ठेवतो. दोन्ही टोकांना आकडा वेगळा असेल तर मोठा लागू होतो. ओबीएसच्या एसआरटी पत्त्यात मात्र लेटन्सी मायक्रोसेकंदांत लिहावी लागते: 3000 मिलिसेकंदांसाठी 30,00,000. तिथं नुसतं 3000 टाकलं तर 3 मिलिसेकंद होतात आणि लोक एसआरटीला नावं ठेवतात.

एक गोष्ट समजून घ्या. पॅकेट हरवत असेल तर परत मागण्याचा उपयोग आहे. नेटच तोकडं पडत असेल तर परत मागण्यानं ओझं आणखी वाढतं. म्हणून एसआरटी घेतलं तरी वरचा निम्म्याचा नियम आणि ॲडॅप्टिव्ह बिटरेट सुटत नाहीत.

दुसरा मार्ग एफईसीचा, म्हणजे दुरुस्तीचा माल आधीच सोबत पाठवण्याचा: दर दहा पॅकेटांमागं त्यांच्या बेरजेसारखं एक जादा पाठवायचं, दहातलं एक हरवलं तर बाकीच्यांवरून ते काढता येतं. न मागता दुरुस्ती होते, पण दहा टक्के डेटा नेहमीच जास्त जातो आणि ओळीनं दोन गेली की उपाय संपतो. उभ्या-आडव्या चौकटीत मांडून झुंडीचं नुकसान भरता येतं, पण 10 बाय 10 ची चौकट भरायलाच आपल्या वेगाला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो. एकतर्फी उपग्रह लिंकला एफईसी लागतंच. आपल्याकडं परतीचा रस्ता आहे आणि घाई नाही, तेव्हा परत मागणंच स्वस्त.

मधला सर्व्हर

गावातून एसआरटी घेऊन यूट्यूबला आरटीएमपीनं देणारा कोणीतरी मधे हवा. शहरातल्या घरचं फायबर वापरावं म्हटलं तर बहुतेकांना स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, बाहेरून आत येता येत नाही. म्हणून मुंबईतल्या डेटा सेंटरमधला महिन्याच्या भाड्याचा लहान सर्व्हर घ्या आणि त्यावर मीडियाएमटीएक्स हे प्रक्षेपण घेऊन पुढं देणारं सॉफ्टवेअर बसवा. ते एसआरटी 8890 पोर्टवर घेतं. फायरवॉलमध्ये हा पोर्ट यूडीपीसाठी उघडायचा. टीसीपीचा उघडून दोन तास डोकं धरून बसलेले लोक बघितलेत.

मग छत्रपती संभाजीनगरला किंवा लातूरला फायबर असलेल्या कोणाच्या तरी घरी एक लॅपटॉप. त्यावरचं ओबीएस या सर्व्हरवरून गावचं चित्र ओढतं आणि यूट्यूबला देतं. इथं खरा फायदा दिसतो: गावचं नेट पूर्ण गेलं तरी ओबीएस "थोड्याच वेळात परत" असं विठ्ठलाच्या फोटोसह दाखवत राहतं, यूट्यूबच्या बाजूनं प्रक्षेपण तुटत नाही, व्हॉट्सॲपवर फिरलेली लिंक तीच राहते. लॅपटॉपची भानगड नको असेल तर त्याच सर्व्हरवर एफएफएमपेग हे व्हिडिओचं सॉफ्टवेअर नुसतं कॉपी मोडमध्ये (चित्र पुन्हा न दाबता) चालवून पुढं ढकलता येतं. त्याला ताकद लागत नाही, पण पाटी दाखवायची सोय जाते.

यूट्यूबमध्ये दोन जागा तपासा. 'ऑटो-स्टॉप' बंद करा. ते चालू असेल तर पाठवणं थांबल्याबरोबर यूट्यूब कार्यक्रमच संपवून टाकतं आणि परत जोडलं तर नवी लिंक. दुसरं, लेटन्सी 'नॉर्मल' ठेवा, 'अल्ट्रा लो' नको. नॉर्मलमध्ये बघणाऱ्याच्या फोनमध्ये साठा जास्त राहतो, फडातल्या कमकुवत नेटला तोच तारतो.

मुद्दाम तोडून बघा

सप्ताह बसायच्या आधी घरी रंगीत तालीम करा, तीही नेट बिघडवून. विंडोज लॅपटॉपवरून पाठवत असाल तर क्लम्झी नावाचं मोफत टूल ठरवलेल्या प्रमाणात पॅकेट गाळतं. आधी 1 टक्का, मग 5, मग 10 लावा आणि चौकटी कधी दिसायला लागतात ते टिपून ठेवा. फोनवर असाल तर हॉटस्पॉटचा फोन स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण अर्धवट लावा. सिग्नल कसा ढासळतो, बिटरेट कसा उतरतो, झाकण काढल्यावर किती सेकंदांत सावरतं, सगळं समोर दिसतं. शेवटी डेटा अर्धा मिनिट पूर्ण बंद करा. ॲप आपणहून परत जोडलं पाहिजे, बटण दाबावं लागता कामा नये, कारण ऐन वेळी तुम्ही मंडपाच्या दुसऱ्या टोकाला असाल.

कीर्तन चालू असताना

दोन आकड्यांवर नजर ठेवा: आरटीटी आणि हरवलेली पॅकेटं. हरवलेली वाढली आणि आरटीटी जागेवर असेल तर सिग्नलचा प्रश्न आहे, फोन किंवा राऊटर थोडा सरकवा. आरटीटी 80 वरून 300, 600, 900 असा चढत निघाला तर टॉवरवर गर्दी झालीय, रांग लागलीय. बिटरेट हातानं 800 वर आणा आणि रिझोल्यूशन 480पी करा. तो आकडा उतरायची वाट बघत बसू नका, रांग स्वतःहून उतरत नाही.

काल्याच्या दिवशी पंचक्रोशीतली माणसं येतात, त्या दिवशी सुरुवातच 800 वर करा. दहीहंडी फुटताना सगळे मोबाईल वर काढतात आणि अपलोड नेमका तेव्हा आपटतो.

आणि फोनमध्ये स्वतंत्र रेकॉर्डिंग चालू असू द्या, लाईव्हपेक्षा वरच्या बिटरेटवर जमलं तर उत्तम. रात्री गावातलं नेट मोकळं झालं की ते चॅनलवर चढवा आणि लाईव्हच्या वर्णनात त्याची लिंक टाका. ज्यांचं चरण मधे तुटलं ते सकाळी फडावर जायच्या आधी पूर्ण ऐकतात.